शेवटून दुसरी बस: बसने जाऊन डोंगरवाटा चालायच्या तर

स्वतःची गाडी नाही म्हणून शहराबाहेरच्या पाऊलवाटा आपल्यासाठी नाहीत, असं धरून कितीतरी जण कधी चालायला निघतच नाहीत. याची मला मनापासून हळहळ वाटते, कारण ज्याला चालायचंय त्याच्यासाठी बसइतकं चांगलं वाहन नाही. गाडी पायथ्याशी लावली की दिवसभर तिचा दोर पायात असतो. कुठेही गेलात तरी संध्याकाळी तिथेच परत यायचं. बसने आलेल्याला हे बंधन नाही. एका फाट्यावर उतरायचं, खिंड ओलांडायची आणि पलीकडच्या गावातून दुसरीच बस धरायची. जुन्या वाटा मुळात अशाच चालीसाठी पडल्या आहेत. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात, माळावरून नदीकाठी, एका वस्तीतून पुढच्या वस्तीत. त्या गोल फिरून जागेवर येत नाहीत.

फक्त बस कुणासाठी थांबत नाही. त्यामुळे दिवस आखायची रीत उलटी करावी लागते. आधी परतीची बस निवडायची, मग वाट निवडायची आणि सर्वात शेवटी सकाळची बस. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी एकच नियम पुन्हा पुन्हा सांगतो: शेवटची बस आपली नाही, शेवटून दुसरी आपली. शेवटची बस राखीव ठेवायची. पाय मुरगळला, वाट चुकली, ओढ्याला पाणी जास्त निघालं, तर ती आहे. तिच्याच भरवशावर सकाळी निघालात तर दिवसभर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत चालाल, आणि डोंगरात घाई करणारा माणूस पडतो.

वाट कशी निवडायची

पहिल्या खेपेला ८ ते १० किलोमीटर अंतर आणि सगळा मिळून ३०० मीटरच्या आसपास चढ, एवढं पुष्कळ झालं. शहरात रोज १० किलोमीटर चालणाऱ्यालाही खडबडीत वाटेवरचे १० किलोमीटर वेगळे लागतात. लांबीपेक्षा मी तीन गोष्टी आधी बघतो. वाट मळलेली आणि खुणा केलेली आहे का? ती जिथे संपते तिथे बसच्या पुरेशा फेऱ्या आहेत का? आणि मध्ये कुठेतरी ती डांबरी रस्त्याला भेटते का, म्हणजे अर्ध्यावर दिवस सोडून द्यायची वेळ आली तर उतरायला जागा आहे का? तिसरा प्रश्न नवखे लोक विचारतच नाहीत. मधल्या फाट्यावर दिवसातून दोनच बस थांबत असतील तरी चालेल, पण त्या किती वाजता येतात हे लिहून घेतलेलं हवं.

काही देशांत वाटा आणि बस यांची मुळातच जोडी जमवलेली आहे. ती कशी जमवली हे पाहिलं की आपल्याला काय शोधायचं ते कळतं. स्वित्झर्लंडमध्ये सुमारे ६५,००० किलोमीटरच्या पायवाटांवर खुणा आहेत, आणि खोऱ्यांच्या पार टोकाच्या वस्त्यांपर्यंत पिवळ्या पोस्ट-बस जातात. तिथल्या पिवळ्या पाट्यांवर पुढचं ठिकाण किती तास-मिनिटांवर आहे ते लिहिलेलं असतं. बस धरायची असलेल्याला नेमकं हेच हवं असतं. मात्र त्या वेळेत विश्रांती धरलेली नसते. पाटी दोन तास म्हणाली तर नवख्याने अडीच ते तीन धरावे. हाँगकाँगची जवळपास ४० टक्के जमीन राखीव उद्यानांखाली आहे. तिथली १०० किलोमीटरची मॅकलेहोज वाट १९७९ साली खुली झाली, तीच दहा टप्प्यांत विभागून. एकेक टप्पा एका दिवसात चालावा आणि घरी परतावं, अशी ती सोय. दर ५०० मीटरवर क्रमांक घातलेला खांब आहे, त्यामुळे अडचणीत फोन करताना ‘मी कुठे आहे’ हे एका आकड्यात सांगता येतं. चेक लोकांनी १८८९ सालीच वाटांवर रंगाचे पट्टे मारायला सुरुवात केली. दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध एक रंगीत पट्टा, ही खूण आजही झाडांवर, खांबांवर दिसते.

तुमच्या भागात इतकी तयार व्यवस्था नसेल तर तीच नजर घेऊन नकाशा उघडा. बसचा मार्ग बोटाने धरून चला आणि त्याला दोन ठिकाणी टेकणारी पाऊलवाट शोधा. रस्ता डोंगराला वळसा घालून जातो तिथे जुनी वाट बहुधा खिंडीतून सरळ आरपार गेलेली असते. बसने वळसा घ्यायचा आणि पायांनी मधली रेघ मारायची. माझ्या सगळ्यात सुंदर वाटा मला अशाच सापडल्या आहेत.

आधी बस, मग चाल

आता सगळ्यात कामाची गोष्ट. वाटेची दोन टोकं सारखी नसतात. एका टोकाला मोठं गाव असतं, तासाला एक बस, बसायला शेड, प्यायला पाणी. दुसऱ्या टोकाला नुसता फाटा, आणि दिवसातून तीन फेऱ्या. नवखा माणूस साहजिकच मोठ्या गावातून चालायला लागतो, कारण तिथे पोचणं सोपं असतं. मग संध्याकाळी थकून तो त्या ओसाड फाट्यावर, तीनपैकी शेवटच्या फेरीची वाट बघत उभा राहतो.

हे उलटं करा. ताजेतवाने असताना सकाळी ठरलेल्या वेळेची ती एकुलती बस धरून ओसाड टोकाला उतरा आणि मोठ्या गावाच्या दिशेने चालत या. शेवटी किती वाजता पोचता याला मग फारसं महत्त्व उरत नाही. एक बस गेली तर पुढची तासाभरात आहे. ही दिशा एकदा अंगवळणी पडली की बसने डोंगरात जाण्यातली निम्मी धास्ती संपते. कधी कधी यात चढ जास्त वाट्याला येतो, पण तेवढा सोसावा.

वेळापत्रकातली बारीक अक्षरं

एकदा एका खेडेगावाच्या टोकाला मी साडेचारला पोचलो. बस पाचला. काचेमागे लावलेलं वेळापत्रक पावसाने ओलसर झालं होतं, कागदाला पोपडे आले होते. पाच वाजले, सव्वापाच झाले. मी पुन्हा जाऊन वाचलं. ५.०० या आकड्याच्या डोक्यावर एक इवलीशी चांदणी होती, आणि कागदाच्या तळाला तशाच चांदणीपुढे लिहिलं होतं: फक्त शाळेच्या दिवशी. तो सुट्ट्यांचा महिना होता. घरी बसून मी तेच वेळापत्रक दोनदा वाचलं होतं, पण दोन्ही वेळा नजर आकड्यांवरच राहिली, तळाला गेलीच नाही. त्या दिवशी पुढच्या मोठ्या रस्त्यापर्यंत आणखी ७ किलोमीटर चालावं लागलं, शेवटचे दोन अंधारात.

तेव्हापासून मी वेळापत्रक खालून वर वाचतो. आधी तळटीपा, मग आकडे. खेड्यांकडे जाणाऱ्या बस बऱ्याचदा शाळेच्या, बाजाराच्या किंवा कामाच्या वेळांवर बेतलेल्या असतात आणि तुम्ही निघणार सुट्टीच्या दिवशी. म्हणून आठवड्याचा वार, सणाची सुट्टी, शाळेची सुट्टी आणि हंगाम, हे चारही बघा. एखादी फेरी उन्हाळ्यात असते नि हिवाळ्यात नसते.

आणखी एक गोष्ट अशी की वेळापत्रकात प्रत्येक थांबा नसतो. मोठ्या थांब्यांच्या वेळा दिलेल्या असतात, मधल्या फाट्यांच्या अंदाजाने काढायच्या. अलीकडच्या थांब्याची वेळ ४.४० आणि पलीकडच्याची ५.००, तुमचा फाटा साधारण मधोमध, तर बस ४.५० च्या सुमाराला येईल. पण रस्ता मोकळा असेल तर ४.४५ लाही येऊन जाईल. अशा मधल्या थांब्यावर १५ मिनिटं आधी उभं राहायचं, त्यात कमीजास्त नाही.

फोनवरच्या ॲपवर किती विसंबायचं? बहुतेक ॲप बस कंपन्यांनी एका ठरावीक साच्यात दिलेली माहिती दाखवतात. हा जीटीएफएस नावाचा साचा अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या वाहतूक संस्थेने आणि गूगलने २००५ च्या सुमाराला जमवला आणि पुढे जगभर पसरला. म्हणजे ॲप स्वतः रस्त्यावर बघत नाही, कुणीतरी भरलेली यादी वाचून दाखवतं. यादी जुनी असेल तर ॲप ठामपणे जुनीच वेळ सांगेल. बस नकाशावर प्रत्यक्ष सरकताना दिसत असेल तर गोष्ट वेगळी, पण डोंगराकडच्या मार्गांवर तसं कमीच दिसतं. म्हणून मी तीन ठिकाणी बघतो: ॲप, बस चालवणाऱ्यांचं स्वतःचं वेळापत्रक, आणि सकाळी उतरताना ड्रायव्हर किंवा कंडक्टर. या तिघांत तिसऱ्याचा शब्द माझ्यासाठी शेवटचा. ‘संध्याकाळी परत जायला इथून किती वाजता गाडी आहे?’ एवढंच विचारायचं. पुष्कळदा तेच पुढची माहितीही देतात, की अमुक दिवशी ती गाडी गावात न शिरता बाहेरूनच जाते, तर तुम्ही वरच्या फाट्यावर थांबा. हे कुठल्याही कागदावर नसतं.

वेळेचं गणित

१८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधा हिशेब मांडला, तो अजून वापरात आहे. आजच्या मापात: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला वर आणखी एक तास. हा हिशेब सराव असलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा. नवख्याने ताशी ४ किलोमीटर धरावे आणि विश्रांतीचा तास वेगळा मांडावा.

एक दिवस मांडून दाखवतो. वाट १२ किलोमीटरची, पहिल्या ५ किलोमीटरमध्येच ६०० मीटरचा चढ, मग खिंड, मग ७ किलोमीटर उतार. (हा दिवस दुसऱ्या-तिसऱ्या खेपेसाठी, पहिल्याच नव्हे.) नेस्मिथच्या हिशेबाने ३ तास २४ मिनिटं. आपल्या हिशेबाने चालण्याचे ३ तास, चढाचा १ आणि विश्रांतीचा १, असे ५. शेवटची बस ६.४० ला, शेवटून दुसरी ५.१० ला. म्हणजे थांब्यावर ४.५० ला पोचायचं. सकाळी ओसाड टोकाला १०.१५ ला उतरवणारी बस आहे. चाल सुरू १०.१५, खिंडीत साधारण १ वाजता, खाली गावात ३.१५. दीड तास हाताशी. हा वाया गेलेला वेळ समजू नका. ओढ्याकाठी बूट काढून पाय पाण्यात सोडायचे ते याच वेळात.

आता मागे फिरण्याची वेळ ठरवायची. खिंडीतून थांब्यापर्यंत सव्वादोन तास लागणार, तर ४.५० मधून ते वजा करा: २.३५. तेव्हा अडीचपर्यंत खिंड आली नाही, तर आल्या वाटेने मागे. आणि मागे फिरायचं तर सुरुवातीच्या फाट्यावरून परतीची बस किती वाजता, हेही ठाऊक असायला हवं, म्हणून तेही सकाळीच टिपायचं. ही वेळ घरी बसून ठरवा, शांत डोक्याने, आणि कागदावर लिहा. वर गेल्यावर माणूस स्वतःशीच घासाघीस करतो: अजून दहा मिनिटं, एवढं वळण झालं की दिसेलच. लिहिलेल्या आकड्याशी ही घासाघीस करता येत नाही.

सूर्यास्ताची वेळही शेजारी लिहा. ढग नसताना एक ढोबळ ताळा करता येतो. हात समोर ताठ धरा, तळवा आपल्याकडे आणि बोटं आडवी. सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये जितकी बोटं मावतात, दर बोटाला साधारण १५ मिनिटं. चार बोटं म्हणजे तासभर. पण समोर डोंगर असेल तर खोऱ्यात सावली सूर्यास्ताच्या बरीच आधी भरते, आणि ध्रुवांकडच्या प्रदेशात हा ताळा जुळत नाही. बघताना थेट सूर्याकडे टक लावू नका.

नकाशा आणि वाटेवरच्या खुणा

१:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर ४ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर, १:५०,००० वर २ सेंटीमीटर. चालणाऱ्याला पहिलाच बरा, त्यात ओढे, कुंपणं, वस्त्या स्पष्ट दिसतात. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या कंटूर रेषा दाटीवाटीने आल्या की चढ उभा, लांब लांब असल्या की पठार. घरी बसून वाटेवरून बोट फिरवा आणि किती रेषा ओलांडल्या ते मोजा. दोन रेषांमधली उंची नकाशाच्या कोपऱ्यात दिलेली असते, बहुतेक ठिकाणी १० किंवा २० मीटर. गुणाकार केला की चढ मिळाला.

फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून घ्या. जीपीएस उपग्रहांवर चालतं, त्याला फोनचं नेटवर्क लागत नाही. पण नकाशाचं चित्र उतरवलेलं नसेल तर कोऱ्या पडद्यावर नुसता निळा ठिपका दिसत राहतो. फोन विमान मोडवर ठेवला की बॅटरी कितीतरी जास्त टिकते. थंडीत तो आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. कागदी नकाशाही जवळ असू द्या, निदान त्या भागाची एक छापील प्रत.

खुणांचा अर्थ जागोजागी वेगळा असतो, तो निघण्यापूर्वी वाचून घ्या. इंग्लंडमध्ये पिवळा बाण म्हणजे फक्त पायी जाणाऱ्यांची वाट, निळा असेल तर घोडे आणि सायकलीही. स्वित्झर्लंडमध्ये पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्याची वाट डोंगरी, खडबडीत. पांढऱ्या-निळ्या-पांढऱ्या पट्ट्याच्या वाटेवर नवख्याने पाऊल टाकू नये. खूण दिसून १०-१५ मिनिटं झाली आणि पुढची दिसत नाही, तर पुढे रेटू नका. शेवटची खूण जिथे पाहिली तिथे परत जा. बहुतेक वेळा चूक तिथेच झालेली असते: खरी वाट बारीक होऊन डावीकडे वळलेली असते आणि गुरांच्या येण्याजाण्याने पडलेली रुंद ढोरवाट सरळ गेलेली असते. ढोरवाट पाण्यापाशी किंवा चाऱ्यापाशी जाऊन विरते.

रानात कुणी भेटलं तर अवश्य विचारा, पण प्रश्न नीट विचारा. ‘ही वाट खालच्या गावाला जाते ना?’ असं विचारलंत तर समोरचा पुष्कळदा ‘हो’ म्हणून मोकळा होतो. ‘खालच्या गावाला कुठली वाट जाते?’ असं विचारलंत तर त्याला हात करून दाखवावं लागतं, आणि मग तो म्हणतो की ही नव्हे, ही ओढ्यात उतरते. या एका प्रश्नाने माझे कितीतरी तास वाचले आहेत.

पाठीवर काय

तळाला खाचा असलेले, आधी वापरून पायात रुळलेले बूट. नवे बूट पहिल्यांदा डोंगरात घालू नका. तासाला अर्धा लिटर या हिशेबाने पाणी, उन्हात त्याहून जास्त. खायला, आणि ठरलेल्यापेक्षा थोडं जास्त. पाऊस आणि वारा अडवणारं जॅकेट, एक गरम कपडा. दर १००० मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, आणि वारा असला तर अंगाला त्याहून थंड लागते. कपाळावर बांधायची विजेरी, दिवसा परत येणार असलात तरी. शिट्टी, पट्ट्या आणि निर्जंतुक औषध, फोनसाठी जादा बॅटरी.

बसने जाणाऱ्याच्या सॅकमध्ये आणखी थोडं हवं. सुटे पैसे, कारण खेड्याकडच्या बसमध्ये कार्ड चालेलच असं नाही. कोरडे मोजे आणि एक अंगरखा, परतीचा प्रवास ओल्या अंगाने काढायला लागू नये म्हणून. चिखलाच्या बुटांवर चढवायला दोन मोठ्या पिशव्या. जवळच्या गावातल्या टॅक्सीचा किंवा रिक्षाचा नंबर, फोनमध्ये आणि कागदावरही.

घरच्या कुणाला तरी एक चिठ्ठी द्या: कुठे उतरणार, कुठून चढणार, कुठल्या बसने येणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत मागायची. ही शेवटची वेळ शेवटच्या बसच्या नंतरची ठेवा, म्हणजे उगाच धावपळ होणार नाही.

उतरल्यावरची पहिली पाच मिनिटं

बस निघून जाते, धूळ बसते, एकदम शांत होतं. इथे बहुतेक जण लगेच वाटेला लागतात. थांबा. थांब्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढा, तळटीपांसकट. परतीची बस रस्त्याच्या कुठल्या बाजूला थांबते ते बघून ठेवा. कित्येक फाट्यांवर खांब एकाच बाजूला असतो आणि दोन्हीकडच्या बस तिथूनच जातात; तर कुठे दुसरा थांबा वळणापलीकडे असतो. फोनच्या नकाशावर या जागेची खूण करा. घड्याळ बघा, निघाल्याची वेळ लिहा. बुटांच्या नाड्या घट्ट करा.

वाट सुरू होईपर्यंत डांबरी रस्त्याने जावं लागलं तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने, एकामागे एक चाला.

वाटेवर

पहिला अर्धा तास मुद्दाम सावकाश चाला. सोबतच्याशी बोलता येईल इतपतच दम लागला पाहिजे. चौघे असाल तर चाल सर्वात हळू माणसाची, आणि त्याला मागे एकटं सोडायचं नाही. उतारावर पावलं छोटी ठेवा. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या बारीक दगडगोट्यांच्या उतारावर, टाच रोवून आणि गुडघा किंचित वाकवून उतरायचं. दिवसाच्या शेवटी पाय दमलेले असतात आणि बसची वेळ डोक्यात घोळत असते, तेव्हाच घसरायला होतं.

वाट कुणाच्या तरी शेतातून, कुरणातून जात असेल. फाटक जसं दिसलं तसंच ठेवा: लावलेलं असेल तर मागे लावा, उघडं असेल तर उघडंच राहू द्या, कारण गुरांना पाण्याकडे जायला ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असू शकतं. पिकातून कधी आडवं जायचं नाही, बांधाने जायचं. गाईबरोबर वासरू असेल तर लांबून वळसा घाला, मधून नको. तुमच्या मागून येणाऱ्या माणसाला वाट मोकळी मिळणं तुमच्या वागण्यावर अवलंबून आहे.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तिनाने भागा: तितके किलोमीटर दूर आहे. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर माथा आणि एकटं झाड सोडून खाली उतरा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जाऊ नका. अशा दिवशी शेवटची बसही हुकेल, तर हुकू द्या.

मदत हवी असेल तर शिट्टीचा ठरलेला इशारा असा: एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबायचं, मग पुन्हा. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचं येतं. रात्री हेच विजेरीने करायचं. फोन लागत असेल तर बऱ्याच देशांत ११२ हा आपत्कालीन क्रमांक चालतो. तुमच्या ठिकाणी कुठला ते आधी बघून ठेवा.

थांब्यावर

वेळेआधी पोचलात की मान रस्त्याकडे ठेवा. शेडमध्ये आत बसलेला माणूस वळणावरून येणाऱ्या ड्रायव्हरला दिसत नाही. बस दिसताच रस्त्याच्या कडेला पुढे येऊन हात स्पष्ट आडवा करा. ग्रामीण मार्गांवर हात केल्याशिवाय बस थांबत नाही, असंच धरून चाला. अंधार पडला असेल तर विजेरी स्वतःच्या अंगावर आणि हातावर पाडा, ड्रायव्हरच्या डोळ्यांवर नको.

चढण्यापूर्वी बूट एकमेकांवर आपटून चिखल झाडा, राहिलेल्यावर पिशव्या चढवा. सॅक पाठीवरून आधीच काढून हातात घ्या, म्हणजे वळताना बसलेल्या कुणाच्या तोंडावर आपटणार नाही. चालायच्या काठ्या दुमडून टोकं खाली करा. ही बस तिथल्या लोकांची रोजची आहे, शाळेतून घरी जाणाऱ्या मुलांची, दवाखान्यातून परतणाऱ्या म्हाताऱ्यांची. त्यांना जागा आधी. आणि अशा फेऱ्या प्रवासी मिळाले तरच टिकतात, त्यामुळे तिकीट काढून जाणारा प्रत्येक चालणारा त्या खोऱ्याच्या उपयोगीच पडतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आणि बस गेलीच तर

शेवटून दुसरी गेली तर शेवटची आहे, चिंता नाही. शेवटचीही गेली तर आधी बसा, पाणी प्या, गरम कपडा घाला. मग घरी फोन करून सांगा की उशीर होईल, पण ठीक आहे, म्हणजे तिकडे कुणी घाबरून मदतीला निघणार नाही. त्यानंतर टॅक्सीचा तो नंबर. फोन लागत नसेल तर दिवे दिसणाऱ्या सर्वात जवळच्या वस्तीकडे रस्त्यानेच जा आणि दार वाजवून विचारा. अंधारात नवी वाट, ‘शॉर्टकट’, ओढ्यातून मधून, यातलं काहीही करायचं नाही. त्या चांदणीच्या दिवशी मी रस्ता सोडला नाही म्हणूनच ते ७ किलोमीटर नुसते कंटाळवाणे झाले, धोक्याचे झाले नाहीत. विजेरी लावून, समोरून येणाऱ्या दिव्यांकडे तोंड करून, प्रत्येक वाहन जवळ आलं की कडेला उभा राहत मी ते पार केले.

बसमध्ये जागा मिळाली की वही काढा. खिंडीत ठरलेल्या वेळी पोचलात की अर्धा तास उशिरा, उताराला किती लागला, बस थांब्यावर प्रत्यक्ष किती वाजता आली, सगळं आकड्यांत लिहा. तीन-चार खेपांत तुमचा स्वतःचा वेग हाती येतो आणि नेस्मिथचा हिशेब बाजूला ठेवता येतो. आणि लिहायच्याही आधी, चिठ्ठी ज्याच्याकडे दिली होती त्याला दोन शब्द पाठवा: बसमध्ये बसलो.